पलीकडच्या वर्गाचा गलका

स्काइपची ती रिंग आता जगात कुठेच वाजत नाही. 2003 साली सुरू झालेली ती सेवा 5 मे 2025 रोजी बंद झाली, आणि माझ्या आयुष्यातला एक आवाज कायमचा आठवणीत जमा झाला. भरल्या रांजणात तांब्या बुडवला की पाणी बुडबुडतं, तसा काहीसा ओलसर, गोलसर आवाज होता तो. उमटायचा, थांबायचा, पुन्हा उमटायचा. पलीकडे कुणी उचलेल की नाही या शंकेनं त्या दोन आवाजांमधली जागा भरून जायची, आणि माझ्या वर्गातली सगळी पोरं श्वास धरून त्या जागेत बसलेली असायची.

पण खरं सांगू, मला त्या रिंगपेक्षाही तिच्या नंतर येणाऱ्या आवाजाची जास्त आठवण येते. रिंग थांबायची. पडदा अजून काळाच असायचा, चित्र यायला वेळ लागायचा, आणि त्याच्या आधी आवाज येऊन पोचायचा. एका वर्गाचा गलका. खुर्च्या सरकल्याचा, कुणी कुणाला ढकलल्याचा, पाण्याची बाटली खाली पडून घरंगळल्याचा, दाबून ठेवलेल्या हसण्याचा, आणि त्या सगळ्यावरून एका मोठ्या माणसाच्या 'शूऽऽ' चा. त्यात एकही शब्द धड कळत नसे. कुठल्या देशातली मुलं आहेत, कुठली भाषा बोलतायत, काही काही समजत नसे. कळायचं एवढंच, की पलीकडे एक वर्ग आहे आणि तोही आपल्यासारखाच उतावीळ झालाय. माझ्या पोरांपैकी कुणीतरी अंधाऱ्या पडद्याकडं बघत हळूच म्हणायचं, "आली गं बया, पोरंच हायत."

पोरंच हायत. त्या दोन शब्दांत केवढा सुटकेचा निःश्वास असायचा! अमेरिका म्हणजे काय, ते त्यांना भिंतीवरच्या नकाशातून ठाऊक होतं. पण नकाशातला देश गप्प असतो. इथं तो खोकत होता, हसत होता, बाईंचं ऐकत नव्हता.

आमची शाळा मोहोळहून सीनेच्या अंगाला गेलं की लागते. जिल्हा परिषदेची, प्राथमिक, पुढं लिंबाचं झाड आणि मागं ज्वारीचं रान असलेली. सोलापूर जिल्ह्यात अशा शाळा वाटेवाटेला आहेत आणि बाहेरून सगळ्या एकाच वळणाच्या दिसतात. आत गेल्यावरच कळतं की प्रत्येकीचा वास वेगळा आहे. आमच्या वर्गाला खडूचा, शेंगदाण्याच्या तेलाचा आणि पावसाळा संपला की येणाऱ्या काळ्या मातीच्या भेगांचा वास होता. आणि आवाज? दिवसा मोहोळच्या स्टेशनाकडून येणाऱ्या मालगाडीचा भोंगा, रात्री माळावरच्या टिटवीचा. इतके सवयीचे की आम्हांला ते ऐकूच येत नसत. ते आम्हांला परत ऐकू यायला लागले ते पलीकडच्या पोरांमुळं. त्याबद्दल पुढं सांगते.

पलीकडे होती अमेरिकेतली एक रविवारची मराठी शाळा. उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी 1981 साली बृहन्महाराष्ट्र मंडळ उभं केलं, आणि गावोगावच्या मंडळांनी पुढं आपल्या लेकरांसाठी अशा शाळा काढल्या. आठवडाभर इंग्रजीत शिकणारी मुलं सुट्टीच्या दिवशी तासदोन तास 'क'ला काना 'का' गिरवतात. शिकवणाऱ्या बहुतेक आयाच. नोकरी, स्वयंपाक, बर्फ उपसणं सगळं सांभाळून फळ्यापुढं उभ्या राहणाऱ्या. मुलं त्यांना ताई म्हणतात. त्या ताईंपैकी एकीचं माहेर मोहोळचं. दिवाळीत ती आली होती, नागनाथाच्या देवळात भेटली, आणि बोलता बोलता म्हणाली, "बाई, आमच्या पोरांना मराठी येते, पण ती बोलायची कुणाशी, हेच त्यांना कळत नाही. घरात आईबाबांशी बोलतात, फोनवर आजीशी. त्यांच्या वयाचं मराठी बोलणारं मूलच त्यांनी पाहिलेलं नाही."

मी घरी आले तरी ते वाक्य डोक्यातून जाईना. आपल्या वयाच्या कुणाशीही न बोललेली भाषा. किती एकटी असेल ती!

मग रविवार ठरला. त्यांची सकाळी दहाची शाळा, म्हणजे हिवाळ्यात आमच्याकडं रात्रीचे साडेआठ. मार्चमध्ये तिकडची घड्याळं एक तास पुढं सरकतात आणि आमची भेट साडेसातवर येते, हेही पोरं त्या वर्षी शिकली, आणि सूर्य, पृथ्वी, रेखावृत्तं यांचा धडा मला वेगळा शिकवावा लागला नाही. रात्रीची शाळा! पोरांना त्याचंच अप्रूप. बापाच्या सायकलवर, आजीच्या पदराला धरून, बॅटरीच्या उजेडात पोरं यायची. तेल लावून, भांग पाडून, काही तर गणवेश घालून. प्रोजेक्टर केंद्रशाळेतून मागून आणलेला, इंटरनेट माझ्या मोबाइलचं, आणि तो मोबाइल खिडकीच्या गजाला रुमालानं बांधलेला, कारण रेंज तेवढ्याच खिडकीत यायची. मागं उभे असलेले पालक खिडकीपाशी गर्दी करायला लागले की पोरंच ओरडायची, "ओ आण्णा, सरका की तिकडनं, रेंज जातीय!"

आणि मग ती रिंग.

त्या वर्गात चौथीला एक मुलगी होती. अक्षर मोत्यासारखं असं म्हणायची पद्धत आहे, पण हिचं अक्षर त्याहून शांत होतं; एकसारखं, अंतर राखून बसलेलं. वही बघितली की वाटायचं, हिच्या मनात केवढी वाक्यं आहेत. पण बोलायची नाही. उभं केलं की मान खाली, पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरणं. मी प्रश्न विचारायची, उत्तर तिला यायचं, ते तिच्या डोळ्यांत दिसायचं, पण ओठांवर यायचं नाही. मी कधी रागावले नाही. वाट बघितली. वाट बघणं हा आमच्या पेशातला निम्मा भाग आहे.

जानेवारीचा महिना होता. रान हुरड्यानं भरलेलं. आमच्या या भागाचं आणि ज्वारीचं नातं काय सांगावं; ज्या मालदांडीची भाकरी अवघा महाराष्ट्र नावाजतो, तिच्यातून 35-1 हे वाण 1930 च्या दशकात निवडलं गेलं ते मोहोळच्याच संशोधन केंद्रात. हुरड्याला मात्र मालदांडीपेक्षा गुळभेंडीची कणसं गोड. त्या रविवारी ही मुलगी रुमालात एक हिरवं कणीस गुंडाळून घेऊन आली होती. कशाला आणलं, ते तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

पलीकडून एका मुलानं ते बघितलं. आठ-नऊ वर्षांचा असेल. त्याच्या मागच्या खिडकीतून बर्फाचा पांढरा उजेड वर्गात पडला होता, इतका की त्याचा चेहरा सावळ्या सावलीसारखा दिसत होता. तो सावकाश, एकेक शब्द निवडून बोलायचा, आणि त्याची मराठी आजीकडून आलेली असल्यामुळं तिच्यात आजीचीच ठेवण होती.

"तुझ्या हातात काय आहे?" त्यानं विचारलं.

तो प्रश्न तिलाच होता. वर्गातल्या सगळ्या माना तिच्याकडं वळल्या. मी मनात म्हटलं, आता ही पदर नसलेल्या फ्रॉकचा पदर शोधणार. पण ती उठली. प्रोजेक्टरच्या उजेडातून चालत लॅपटॉपपर्यंत गेली, कणीस कॅमेऱ्यासमोर धरलं आणि म्हणाली, "हुरडा."

"ते खातात?"

"व्हय."

"कसं?"

आणि ती सांगायला लागली. "आदी आगटी करायची. भुईत खड्डा घ्यायचा, त्यात गवऱ्या पेटवायच्या. धूर संपून इस्तू झाला की त्यात कणसं खुपसायची. लई येळ न्हाई ठिवायची, करपत्यात. मग काढायचं आन् गरम गरम कणीस हातावर चोळायचं."

"हात भाजत नाही?"

"भाजतंय की. म्हणून तर ह्या हातातनं त्या हातात, ह्या हातातनं त्या हातात करायचं." तिनं करून दाखवलं. रिकाम्या हातांनी, पण अशा लगबगीनं की मलाच चटका बसल्यासारखं झालं. "आन् मग फुंकर मारायची."

"फुंकर का मारायची?"

ती थांबली.

हा प्रश्न तिला जन्मात कुणी विचारला नव्हता. आमच्याकडं कोण विचारणार? बाप मारतो, आई मारते, रांगतं पोर त्यांचं बघून मारतं. ती आपल्या तळहाताकडं बघत राहिली, जणू पहिल्यांदाच बघत होती. मग मान वर करून म्हणाली, "भुसकट हलकं असतंय, ते उडून जातंय. दाणा जड. दाणा ऱ्हातोय."

आणि मग तिकडच्या त्या सगळ्या वर्गानं, पंधरावीस लेकरांनी, आपापले रिकामे तळहात तोंडासमोर धरले आणि फुंकर मारली. आम्हांला आधी त्यांचे फुगलेले गाल दिसले आणि क्षणभरानं, मागाहून, स्पीकरमधून ती लांब 'फूऽऽ' आली. अमेरिकेतून आलेली फुंकर! माझी पोरं हसून हसून लोळली. ती मुलगी हसली नाही. ती सरळ उभी होती. तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मी नजर दुसरीकडं वळवली; काही आनंद बघणाऱ्याला परके असतात.

त्या रात्री मला झोप आली नाही. खाटेवर पडून मी विचार करत राहिले, की जे मला इतक्या वर्षांत जमलं नाही ते त्या दूरच्या मुलाच्या एका प्रश्नानं कसं झालं? आणि हळूहळू उमगलं. मी तिला जे प्रश्न विचारत होते त्या सगळ्यांची उत्तरं मला ठाऊक होती. तिलाही ते ठाऊक होतं. वर्गातला प्रश्न हा मुळी प्रश्न नसतोच, ती परीक्षा असते. विचारणाऱ्याला काही हवं नसतं, त्याला फक्त तपासायचं असतं. मोहोळ तालुक्यातल्या पोरीनं मोहोळ तालुक्यातल्या बाईंना हुरडा कसा भाजतात ते काय म्हणून सांगायचं? पण त्या मुलाला खरोखरच ठाऊक नव्हतं. त्याला हवं होतं. त्याच्या आणि हुरड्याच्या मध्ये फक्त तिचे शब्द होते. ती बोलली नसती, तर त्याला ते कधी कळलंच नसतं.

भाषा अशी मागितली जावी लागते. मागणारं कुणी नसलं की ती वहीत शांत बसून राहते.

हे मला नव्यानं कळलं, पण जगाला ते केव्हापासून ठाऊक आहे. पहिल्या महायुद्धात छातीत गोळी लागून परतलेला सेलेस्टॅं फ्रेने हा फ्रेंच शिक्षक. त्याला फार वेळ मोठ्यानं बोलवत नसे. 1920 च्या दशकात त्यानं आपल्या खेड्यातल्या वर्गात एक छोटा छापखाना आणला, मुलांनी आपल्या रानातलं, गल्लीतलं, घरातलं जे सांगितलं ते मुलांकडूनच जुळवून छापलं, आणि ते दूर ब्रिटनीतल्या एका शिक्षकाच्या वर्गाला पाठवून दिलं. तिकडून त्यांचं छापलेलं आलं, बरोबर त्यांच्या गावच्या वस्तू आल्या. दोन वर्ग टपालानं जोडले गेले. ज्या मुलाचं लिहिलेलं आजवर फक्त गुरुजी लाल शाईनं वाचत होते, ते आता कुणीतरी उत्सुकतेनं वाचणार होतं. पुढं साधनं बदलत गेली. 1980 च्या दशकात संगणक टेलिफोनच्या तारांना जोडले गेले तेव्हा अमेरिकेतले आणि पोर्तो रिकोतले शिक्षक त्याच वाटेनं आपले वर्ग जोडू लागले. टपालाची पिशवी, टेलिफोनची तार, खिडकीला बांधलेला मोबाइल. आतली ओढ तीच.

आणि आपल्याकडं साने गुरुजी होते. 1947 च्या मे महिन्यात, आमच्या शेजारच्या पंढरपुरात, विठ्ठलाचं देऊळ दलितांना खुलं व्हावं म्हणून प्राण पणाला लावलेले गुरुजी. त्याच माणसानं पुढं आंतरभारतीचं स्वप्न पाहिलं. एका प्रांतातल्या मुलांनी दुसऱ्या प्रांताची भाषा शिकावी, तिथल्या घरात राहावं, तिथली गाणी घेऊन परत यावं. 1950 साली ते गेले. त्यांच्या हयातीत हे सगळं पत्रांनी आणि प्रवासानंच व्हायचं होतं. मला पुष्कळदा वाटतं, त्या रात्री आमच्या वर्गात ते असते तर मागच्या भिंतीला टेकून उभे राहिले असते आणि त्यांचे डोळे भरून आले असते.

आम्हांला हे सुचलं कुठून, तर शेजारच्या तालुक्यातून. मोहोळला लागूनच माढा तालुका, आणि माढ्यातलं परितेवाडी हे छोटंसं गाव. बार्शीचे रणजितसिंह डिसले 2009 साली तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी म्हणून रुजू झाले, तेव्हा शाळेच्या मोडक्या इमारतीला एका बाजूनं जनावरांचा गोठा आणि दुसऱ्या बाजूनं अडगळीची खोली होती. त्यांनी पाठ्यपुस्तकाच्या पानांवर क्यूआर कोड चिकटवले. मोबाइल धरला की कविता ऐकू यायची, धडा दिसायचा. ती कल्पना पुढं राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आली, आणि आज बालभारतीच्या पुस्तकावरचा तो काळापांढरा चौकोन कुणाला नवा वाटत नाही. पण माझ्या मनाला जास्त भावलं ते त्यांचं दुसरं काम. घरी उभारलेल्या प्रयोगशाळेत बसून ते जगभरच्या वर्गांना प्रयोग दाखवायचे, त्यांना आभासी सहलींवर न्यायचे. 83 देशांतले 1,400 वर्ग त्यांनी असे गाठले. आणि 'लेट्स क्रॉस द बॉर्डर्स' या उपक्रमातून भारत आणि पाकिस्तान, इस्रायल आणि पॅलेस्टाइन, इराण आणि इराक अशा भांडणाऱ्या देशांतल्या मुलांच्या जोड्या लावून त्यांना सहा आठवडे एकमेकांशी बोलतं ठेवलं. 8 देशांतली 19,000 मुलं त्यात आली.

3 डिसेंबर 2020 ची ती संध्याकाळ सोलापूर जिल्ह्यातला कुठलाही शिक्षक विसरणार नाही. करोनामुळं सोहळा लंडनहून पडद्यावरच होता. जागतिक शिक्षक पुरस्कारासाठी 140 हून अधिक देशांतून 12,000 वर नावं आली होती, आणि स्टीफन फ्राय यांनी त्यातलं एक नाव उच्चारलं, तेव्हा आपल्या आईवडिलांच्या मध्ये बसलेले डिसले गुरुजी आणि ते दोघं ज्या आनंदानं एकमेकांना बिलगले, ते बघताना आम्ही किती जण आपापल्या घरात उभे राहिलो असू! 10 लाख डॉलर. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी तिथल्या तिथं उरलेल्या 9 जणांत वाटून टाकली. जिल्हा परिषदेच्या गुरुजींनी वाटून टाकली. मला त्या पुरस्कारापेक्षा त्या वाटण्याचं कौतुक अधिक वाटत आलं आहे, कारण जगाला आपल्या वर्गात बोलावणं आणि हातातलं वाटून टाकणं, दोन्ही एकाच स्वभावातून येतं.

शिक्षकांच्या बैठकीत, केंद्रसंमेलनात आम्ही एकमेकांना विचारू लागलो होतो, "तुमच्या वर्गानं कोण गाठलं?" कुणी 'मिस्टरी स्काइप' खेळायचं, दोन अनोळखी वर्ग समोरासमोर बसायचे आणि हो किंवा नाही एवढ्याच उत्तरांवर एकमेकांचा देश ओळखायचे. तुमच्याकडं समुद्र आहे का? तुम्ही विषुववृत्ताच्या वर आहात का? पोरं नकाशावर तुटून पडायची. त्यांची इंग्रजी मोडकी होती, पण गरजेची होती, आणि गरजेची भाषा लवकर सरळ होते.

पण माझं मन त्या मराठी रविवारांतच गुंतून राहिलं.

सुरुवातीला आमची पोरं त्या मुलांच्या बोलण्याला हसली. खोटं कशाला सांगू? 'ळ' म्हणताना त्यांची जीभ अडखळायची, झाडाला ते 'ती झाड' म्हणायचे, आणि आमच्याकडं खसखस पिकायची. मी पोरांना थांबवलं नाही, फक्त पुढच्या रविवारी त्यांना सांगितलं की आज आपण इंग्रजीत बोलायचं. मग तिकडची मुलं थांबून राहिली. हसली नाहीत. आमचा एक मुलगा एका वाक्यासाठी इतका वेळ झगडला की मलाच राहवेना, आणि तो बर्फातल्या खिडकीपाशी बसणारा मुलगा त्याला मराठीत म्हणाला, "सावकाश बोल. मला घाई नाही." त्यानंतर आमच्या वर्गात पुन्हा कुणी हसलं नाही.

त्यात त्या यंत्राचीही एक कृपा होती. इकडचं बोलणं तिकडं पोचायला क्षणभर वेळ लागायचा. घाईत दोघं एकदम बोलले की सगळंच तुटायचं. म्हणून दोन्ही वर्ग आपोआप शिकले, की आपलं बोलून झालं की थांबायचं, आपलं वाक्य पलीकडं जाऊन पोचू द्यायचं, आणि उत्तर निघून येईपर्यंत त्या चेहऱ्याकडं बघत राहायचं. एरवी एका चौकात उभी राहून एकमेकांच्या अंगावर ओरडणारी माणसं आपण. त्या पोरांना मात्र हजारो मैलांनी ऐकायला शिकवलं.

आणि ते आमचे हरवलेले आवाज. एका रविवारी वीज गेली, लॅपटॉपच्या बॅटरीवर बोलणं चालू राहिलं, वर्गात अंधार, सगळे गप्प. तेवढ्यात माळावर टिटवी ओरडत गेली. पलीकडून एका मुलीनं विचारलं, "तो आवाज कसला?" आम्ही एकमेकांकडं बघायला लागलो. कसला आवाज? कुणालाच ऐकू आला नव्हता. मग ती परत ओरडली, आणि माझा अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला, "टिटवी!" तिथून पुढं पोरं ऐकायलाच लागली. मालगाडीचा भोंगा, पिठाच्या गिरणीचा पट्टा, पहाटेचा मोटेच्या जागी आलेल्या पंपाचा खोकला. सगळं गोळा करून ठेवायची, रविवारी सांगण्यासाठी. माझ्याही कानांवरचं झाकण निघालं. लहानपणी ऐकलेलं माझं गाव मला पन्नाशीत परत ऐकू येऊ लागलं.

तिकडच्या त्या ताई, मोहोळच्या लेकी, टिटवी ओरडली तेव्हा काहीच बोलल्या नाहीत. मुलांनी आपसांत गलका सुरू केला तरी त्यांनी 'शूऽऽ' केलं नाही. नंतर फोनवर म्हणाल्या, "बाई, ती आमच्या मळ्यावरनं अशीच ओरडत जायची." बस्स, एवढंच. पुढं आम्ही दोघीही थोडा वेळ फोन कानाला लावून तशाच होतो.

ती पोरं मोठी झाली. कुणी पुण्यात आहे, कुणी चिंचोळीच्या एमआयडीसीत, कुणी अजून सीनेच्या काठानं ऊस तोडतंय. ती मुलगी डीएड करून आता दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका शाळेत शिकवते आणि वर्गात खूप बोलते, असं तिची आईच कौतुकानं सांगते. तिच्या चौथीच्या वहीचं शेवटचं पान मी ठेवून घेतलंय. त्यावर तिनं त्या मुलाला लिहिलेलं पत्र आहे, दोन्ही बाजूंनी, समासातसुद्धा. ज्या मुलीला एक वाक्य बोलवत नव्हतं, तिला कागद पुरला नव्हता.

3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आम्ही शाळेत पेढे वाटले. आनंदच आहे. पण भाषेचं खरं आयुष्य मला त्या रविवारांत दिसलं आहे. दोन मुलं समोरासमोर आहेत, एकाला काहीतरी हवं आहे, दुसऱ्याजवळ ते आहे, आणि मध्ये मराठीखेरीज दुसरं काही नाही. हे जिथं घडतं तिथं भाषेला कुणाच्या दर्जाची वाट बघावी लागत नाही, आणि जिथं घडत नाही तिथं कुठलाही दर्जा तिला पुरत नाही. माझं हे ठाम मत आहे.

म्हणून हे वाचणाऱ्या तुम्हांला एक मागणं आहे. तुम्ही न्यू जर्सीत असा, टोरांटोत असा, लंडनमध्ये असा, किंवा पुण्यामुंबईत. ज्या गावच्या शाळेत तुमच्या आईनं, आज्यानं पाटी धरली, त्या शाळेला आज फोन करा. स्काइप गेलं, तरी व्हिडिओ कॉल आता प्रत्येकाच्या खिशात आहे, आणि तो जोडायला ना मोठा खर्च लागतो, ना कुणाचं उद्घाटन. संगणक पाठवू नका, हारतुरे नकोत, फोटोही नकोत. महिन्यातून एक तास द्या, तुमची मुलं तिथल्या मुलांसमोर बसवा, आणि त्यांना असं काही विचारू द्या जे त्यांना खरोखर ठाऊक नाही. उत्तर यायला वेळ लागेल. मोठ्यांनी मध्ये बोलू नका. पोराचं सांगून होईपर्यंत थांबा.